आबांच्या चपला

माझा थोरला भाऊ शिवलिंगदादा शेतीची अवजारं विकायचा. त्याच्याइतका शांत माणूस मी पाहिला नाही, आता पाहणारही नाही.

ऊस तुटला की आमच्या गावात मागं उरलेलं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, रानातच जाळायचे. जाळल्यानं जमीन बिघडते, असं सांगत दादानं पाचटाची कुट्टी करणारं यंत्र आणलं आणि आधी आमच्याच रानात चालवलं. कुट्टी तशीच जमिनीवर पसरून ठेवली. ते बघायला गाव बांधावर जमलं, तेव्हा शेजारच्या रानाचे मालक रंगरावआबा आले. त्यांचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती.

"यंत्र खपवायला गोष्टी सांगतोस होय रे? जाळल्यानं जमिनीचं काय बिघडतं ते दाखव. नाहीतर उद्यापासून तुझ्या दुकानाची पायरी कुणी चढणार नाही."

मी अंगावर धावणार होतो. दादानं माझं मनगट धरलं.

"दाखवतो, आबा. फक्त चपला काढून तुमच्या जाळलेल्या रानात उभे राहा."

भर दुपार होती. लोक बघत होते म्हणून आबा उतरले. काळ्या भुईनं पाय पोळले, तशी धोतर सावरत त्यांनी आमच्या कुट्टीवर उडी मारली. तिथं गार होतं.

दादा हसला नाही. त्यानं चपला आणून त्यांच्या पायाशी ठेवल्या.

"तुम्हाला पळता आलं, आबा. रानाला पळता येत नाही."

आबा चपला घालून गेले. दुकान मात्र चालत राहिलं.

आता दादा नाही. काल आबा दुकानात आले. चपला दारातच काढून दादाच्या फोटोपुढं बराच वेळ उभे राहिले.

"माझा ऊस तुटलाय," ते म्हणाले. "शिवलिंगचं यंत्र कधी आणतोस?"

मी यंत्राच्या ट्रॅक्टरची किल्ली उचलली.