विहिरीने बेडकांना गप्प केलं

फार वर्षांमागे एक लढाई संपली, पण सुरुंग शेतातच राहिले. त्यांच्या भीतीने पलीकडच्या विहिरीकडे कुणी फिरकेना. तिला घागरींच्या आवाजाची आस लागली होती.

गावातली कौसल्या सळईने माती टोचत पुढे सरके, तपासलेल्या जागी पांढरा दगड ठेवी. मागून बायका तिथे ज्वारी पेरत.

"सळईबाई, गोगलगायसुद्धा तुझ्यापुढे जाईल," विहीर म्हणाली.

"घाई केली तर पाणी प्यायला कोण उरेल, ताई?" सळई म्हणाली.

एका दुपारी विहिरीतल्या बेडकांचा आवाज ऐकून तहानलेली मुलगी शेवटच्या पांढऱ्या दगडापाशी आली. पुढची माती तपासलेली नव्हती. विहीर बेडकांना म्हणाली, "गप्प बसा रे."

मुलगी थबकली, कान देऊन उभी राहिली आणि माघारी वळली.

तिची पावलं विरेपर्यंत विहीर ऐकत राहिली. मग सळईला म्हणाली, "सावकाश ये, बाई."