गप्प बरणी

फार फार मागची गोष्ट, बाळांनो. एका घाटाच्या माथ्यावर एक तांबटीण राहायची. घाटात धुकं असं दाटायचं की चालणाऱ्याला आपलेच पाय दिसू नयेत. वाट चुकलेली माणसं दरीत जायची. खालून त्यांच्या हाका यायच्या. मग हाकाही थांबायच्या.

म्हणून तिनं एक मोठी काचेची बरणी केली. आतून तांब्याचा पत्रा, बाहेरून तांब्याचा पत्रा, मध्ये काच. आतल्या पत्र्याला जोडलेला एक गोळा तोंडातून वर आलेला. शेजारी रेशमावर घासणारं चाक. चाक फिरवलं, की वीज गोळ्यावाटे आत उतरायची.

"आत एक वीज साठते, बाहेर तिच्या उलटी," ती मुलाला सांगायची. "दोघींना एकमेकींची ओढ. पण काच जाऊ देत नाही. मग उभ्या राहतात, वाट बघत. काच पातळ तेवढी ओढ जास्त, पत्रा मोठा तेवढी जागा जास्त."

लाकडी मुठीची वाकडी सळई बाहेरच्या पत्र्याला टेकवून दुसरं टोक गोळ्याशी नेलं, की सगळी वीज एका दमात सुटायची. खिडकीतून लख्ख उजेड पडायचा, वाटसरूला वाट दिसायची.

बरणीला हात लावण्याआधी सळई लावायची, हा त्या घरचा रिवाज.

"आत काही नसलं तरी?" मुलगा हसायचा. "आई, तू रिकाम्या पातेल्यालाही घाबरशील!"

"घाबरेन. भरली असली तरी बरणी बोलून दाखवत नाही रे."

एका संध्याकाळी मुलाची बायको तान्हं घेऊन माहेराहून निघाली. बापानं लेकरू अजून पाहिलंही नव्हतं. आणि धुकं उतरलं.

म्हातारी कड्यावर हाका मारायला धावली. "चाक फिरवून ठेव. तिची ओ आली की ओरडते, मग सळई लाव!"

त्यानं दम लागेस्तोवर चाक फिरवलं. थांबला. बाहेरून काहीच ऐकू येईना. घरचं कुत्रं उंबऱ्याच्या आत पाय टाकेना. बरणीजवळ गेलं की हातावरची लव उभी राहायची, तोंडावरून कोळ्याचं जाळं गेल्यासारखं वाटायचं. पण बरणी गप्प. उजेड नाही, ऊब नाही.

"चाक थांबून केवढा वेळ झाला," तो पुटपुटला. "हिच्यात आता काय उरलं असणार? पुन्हा भरावी."

बरणी चाकाला आणखी भिडवायला त्यानं डावा हात तिच्या पोटाला घातला, उजव्यानं गोळा धरला.

कडाड्!

त्याच क्षणी कड्यावरून आवाज आला, "लाव रे, लाव! ती दरीच्या काठाशी आहे!"

उजेड पडलाच नाही. म्हातारी धावत आली. मुलगा जमिनीवर, बरणी रिकामी. ती थेट चाकाला लागली. खालच्या वाटेवरून सुनेची हाक येत होती, प्रत्येक हाक आधीच्याहून बारीक.

मग सळई टेकली. घाट उजळला. सुनेनं उचललेला पाय मागं घेतला.

ती वर आली, तेव्हा नवरा भिंतीला टेकून बसला होता. "घ्या ना," ती म्हणाली, "तुमच्यावरच गेलाय."

उजवा हात उठेना. शेवटी डाव्या हातानं त्यानं तो उचलला आणि लेकराच्या पाठीवर ठेवला. लेकराला हात कळला. हाताला लेकरू कळलं नाही, पुढं कधीच.

जे गप्प आहे ते रिकामं आहे, असं धरून चालू नये. हात लावण्याआधी साठलेल्याला वाट करून द्यावी.