भिंगरीची हाक

विमानं आपली आपणच चालायची, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी धावपट्टीकडे निघालेल्या भिंगरी नावाच्या छोट्या विमानाला वारा दाखवणारी नारिंगी पिशवी उजव्या हाताला दिसली आणि तिची चाकं मंदावली. विमानांना वाट दाखवणाऱ्या मनोऱ्याने सांगितलेल्या रस्त्याने ती डाव्या हाताला दिसायला हवी होती. चालता चालता स्वतःच्या तबकड्यांवरचे काटे न्याहाळण्याच्या नादात वळण मागे राहिलं होतं!

पुढे पिवळ्या रेघा आल्या. त्यांच्यापलीकडे धावपट्टी. मनोऱ्याच्या परवानगीवाचून त्या कुणी ओलांडत नसे. भिंगरीने करकचून ब्रेक लावला.

"का गं थांबलीस?" तिच्या शेपटीमागून बिनधास्त चालत आलेलं धोंडू नावाचं जाडजूड मालवाहू विमान गुरगुरलं.

"धोंडूकाका, मी वाट चुकलेय. रेडिओवरून मनोऱ्याला विचारते."

"अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल ते! हसतील तुला. पट्टी मोकळीच दिसतेय की, जा पटकन पलीकडे."

धुक्यात जेवढी दिसत होती तेवढी मोकळीच होती. भिंगरीचं चाक जरासं पुढे सरकलंसुद्धा. मग नाकाखाली पिवळी रेघ दिसली आणि ती एकदम दचकून थांबली.

"मनोरेदादा, मी भिंगरी. माझं वळण चुकलंय. मी कुठे आहे तेच कळत नाहीये."

धोंडूकाका खो खो हसले. तिने रडवेल्या आवाजात पुन्हा हाक मारली.

तेवढ्यात धुक्यातून एक भलंमोठं विमान उतरलं आणि तिच्या नाकासमोरून धडधडत गेलं. धोंडूकाकांचं हसू जागच्या जागी विरलं.

"ऐकलं गं, भिंगरी," मनोरा म्हणाला. "आहेस तिथेच थांब. आता सांग, समोर काय दिसतंय?"