अध्यक्षसाहेबांचं वाक्य

राजहंस विमान कंपनीला सलग तिसऱ्या वर्षी विक्रमी नफा झाला, पण तोट्याच्या काळात कापलेला वैमानिकांचा पगार काही परत मिळेना. शेवटी बावीस वर्षं विमान चालवणाऱ्या कॅप्टन हेमांगी रेगे सगळ्यांच्या वतीने कंपनीचे अध्यक्ष इंद्रसेन धारकर यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

धारकरांनी भर बैठकीत ऐकवलं, "अहो मॅडम, हल्ली विमान संगणकच उडवतो. वैमानिक नुसते बसून असतात. बसण्याचे जास्त पैसे कशाला?"

अधिकारी खो खो हसले. हेमांगीबाईंचे कान तापले, पण आवाज चढला नाही.

"ठीक आहे, सर. मग एक परवानगी द्या."

"कसली?"

"उड्डाणाआधी आम्ही प्रवाशांशी बोलतो ना, तेव्हा उद्यापासून तुमचं हेच वाक्य तुमच्या नावानिशी वाचून दाखवू." त्यांनी ते कागदावर लिहून पुढे सरकवलं. "खाली तेवढी सही करा."

तिकीटविक्रीचे प्रमुख ताडकन उठले. "सर, सही नको! दारं लागायच्या आत निम्मे प्रवासी उतरतील."

धारकर भडकले. "असलं काही प्रवाशांना सांगतात का?"

"जे तिकीट काढणाऱ्याला सांगता येत नाही," हेमांगीबाई म्हणाल्या, "ते विमान चालवणाऱ्याला कोणत्या तोंडाने सांगता?"

धारकरांनी मुकाट्याने पगाराची फाईल मागवली, आणि कापलेला पगार वाढीसकट मंजूर होईपर्यंत हेमांगीबाई तिथून हलल्या नाहीत.