कायरनाने चाखलेला मृत्यू

ज्या युगात देव पर्वतशिखरांवरून सहज खाली उतरत आणि मनुष्यजातीच्या चुलीत अग्नी अजून नवा होता, त्या युगात ग्रीसमधील पेलियन पर्वतावर कायरन नावाचा महर्षी राहत असे. कमरेपर्यंत तो मनुष्य होता, खाली अश्व. त्याचे ते रूप पाहताच जन्मदात्रीने त्याला टाकले. पिता क्रोनस हा देव असल्यामुळे अमरत्व तेवढे त्याच्या वाट्याला आले. ओकच्या घनदाट अरण्यात, निर्झराकाठच्या विशाल गुहेत त्याचा आश्रम होता. तेथे राजपुत्र धनुर्विद्या शिकत, वीणेच्या तारा जुळवत आणि गुरूच्या मागोमाग वनस्पती हुंगत हिंडत.

त्या आश्रमाचा एक नियम होता. वैद्याने काढा आधी स्वतः चाखावा, मग रोग्याला द्यावा.

एकदा देवराज झ्यूसचा पुत्र हेराक्लीस, त्याच आश्रमातला शिष्य, तापाने फणफणला होता. कायरनाने कडू काढ्याचा घोट घेऊन पात्र पुढे केले, तेव्हा तो तोंड वाकडे करून म्हणाला, "गुरुदेव, तुमच्या चाखण्याला काय अर्थ? तुम्ही जहाल विष प्यालात तरी ढेकर देऊन उठाल. जीव जातो तो आमचा!"

शिष्य खदखदून हसले. गुरूही हसला. "खरे बोललास, दांडगोबा. पण तेवढ्याने तुझा काढा चुकत नाही. पी!"

हेराक्लीसचे ते वाक्य मात्र कायरनाच्या मनातून गेले नाही.

पुढे हेराक्लीस त्रिखंडात गाजला. बहुमुखी जलसर्पिणीला मारून तिच्या विषात त्याने आपले बाण बुडवून घेतले. एके दिवशी मद्याने उन्मत्त झालेले अश्वमानव त्याच्यावर तुटून पडले, पराभूत होऊन पळाले आणि आश्रयासाठी कायरनाच्या गुहेत शिरले. क्रोधाने आंधळ्या झालेल्या हेराक्लीसने मागून बाण सोडला. तो एकाच्या दंडातून आरपार गेला आणि मध्ये पडलेल्या गुरूच्या गुडघ्यात रुतला.

"गुरुदेव! हे मी काय केले!"

"आधी बाण उपट, मग रड," कायरन म्हणाला. "आणि हात थरथरू देऊ नकोस. हेच शिकवले का तुला?"

पेलियनवरची एकही मुळी त्या जखमेवर चालली नाही. विष त्याला मारू शकेना आणि अमरत्व त्याला सोडीना.

औषधाच्या शोधात हेराक्लीस दूरच्या कॉकेशस पर्वताच्या कड्यांपर्यंत पोहोचला. तेथे अमर प्रोमिथियस साखळदंडांनी जखडलेला होता आणि एक गरुड त्याचे रोज नव्याने वाढणारे काळीज फाडून खात होता. मनुष्यांसाठी त्याने स्वर्गातून अग्नी आणला, म्हणून झ्यूसने त्याला ही शिक्षा दिली होती. गारठलेल्या लेकरांना ऊब देण्याला जे गुन्हा म्हणते, ते सिंहासन कसले! हेराक्लीसने गरुडाला मारले, पण साखळदंड तुटेनात.

"थांब, वीरा," प्रोमिथियस म्हणाला. "झ्यूसची अट आहे. एखाद्या अमराने अमरत्व टाकून माझ्यासाठी मृत्यूच्या राज्यात उतरावे, तेव्हाच हे गळतील. आता असा खुळा तू कुठून आणणार?"

हेराक्लीस तडक पेलियनकडे परतला.

तो गुहेत शिरताच कायरनाने त्याचा चेहरा वाचला. "औषध मिळाले नाही, ते दिसतेच. मान का खाली? काय लपवतोस?"

हेराक्लीसने सारे सांगितले आणि गुरूचे पाय धरले. "हे मी तुम्हाला सांगायलाच नको होते. एकदा बाण मारला, आता शब्दांनी मारतो आहे!"

कायरनाने काढ्याखालच्या ज्वाळेकडे पाहिले. "त्याच्याच अग्नीवर मी जन्मभर काढे उकळले," तो म्हणाला. "तो मात्र तिकडे थंडीत उघडा."

अनेक कथनकार म्हणतात की वेदना असह्य झाली, म्हणून कायरनाने मरण मागितले. मला ते पटत नाही. सुटकाच हवी असती, तर तो असा हळहळला नसता.

त्याने आकाशाकडे बाहू उचलले. "हे मेघाधिपते, माझे अमरत्व परत घे आणि त्याला मोकळे कर!"

"महर्षे, दिलेले परत घेतले की पुन्हा मिळत नाही," मेघांतून झ्यूसचा गंभीर ध्वनी आला.

"ठाऊक आहे. घे."

"तथास्तु!"

त्याच क्षणी कायरनाची मुद्रा पालटली. त्याने हेराक्लीसचे मनगट घट्ट धरले. आता त्याचाच हात थरथरत होता.

"भीती वाटते रे," तो नवलाने पुटपुटला. "हजारो रोग्यांच्या डोळ्यांत पाहिली, पण ती अशी असते होय!" मग किंचित हसून म्हणाला, "दांडगोबा, आता माझ्या चाखण्याला अर्थ आहे ना?"

हेराक्लीसने त्या हातावर आपला दुसरा हात ठेवला आणि गुरूचा प्राण जाईपर्यंत तो काढला नाही. तिकडे कॉकेशसवर साखळदंड खळाखळा गळून पडले.

झ्यूसने त्या महर्षीला ताऱ्यांत स्थान दिले. वैशाखात रात्री दक्षिण क्षितिजावर जो नरतुरंग नावाचा तारकासमूह दिसतो, तोच हा कायरन, असे सांगतात. त्यातील सर्वांत तेजस्वी ताऱ्याला आपण मित्र म्हणतो. ज्याला मरणाचे भय वाटते, त्याने तिकडे पाहावे. आपल्या पात्रात एक दिवस जे येणार आहे, ते कायरनाने आपल्याआधी चाखून पाहिले आहे.