कोंडवाड्यातली अकरा डुकरं

तोलाजीराजांची रानडुकरं हैबतीची रताळी सलग तिसऱ्या वर्षी उकरून खाऊन गेली आणि बिचाऱ्या हैबतीला त्यांना 'हड' म्हणायचीसुद्धा चोरी होती! राजांना डुकराच्या शिकारीचा भारी नाद. त्यांनी दवंडीच पिटवली होती, "रानातलं एकूण एक डुक्कर सरकारचं. त्याला नुसती काठी दाखवली तरी जमीन जाईल!"

हैबतीची लेक गजरा चालत राजवाड्यावर गेली आणि थेट म्हणाली, "सरकार, तुमची डुकरं आमचं शेत खातात."

"आमची डुकरं?" राजांना राग आला. "ती रानाबाहेर पाऊल टाकत नाहीत! एवढी खात्री असेल तर धरून दाखव. पंधरा दिवस दिले. जाळं नको, खड्डा नको, कुत्रं नको. अंगावर ओरखडा दिसला किंवा डुक्कर सापडलं नाही, तर तुमचं शेत आमच्या रानात जमा!"

दरबारी गालातल्या गालात हसले. गजरानं मान डोलावली आणि ती घरी आली.

गावाबाहेर कोंडवाडा होता. कुणाचं जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरलं की त्याला तिथं कोंडायचं, अशी वहिवाट. चारी बाजूंनी दगडी भिंत, एक भक्कम फाटक. सध्या तो रिकामाच होता. गजरानं उरलीसुरली रताळी टोपलीत भरली आणि रोज थोडी थोडी तिथं नेऊन ओतू लागली.

"अगं, डुकरांनी शिल्लक ठेवलं ते तू डुकरांनाच घालतेस?" हैबतीला रडू कोसळायचं बाकी होतं. "शेत गेलं तर खायचं काय आपण?"

"बाबा, फाटक तेवढं उघडं राहू दे."

पहिले तीन दिवस डुकरं बाहेरूनच वास घेऊन गेली. चौथ्या दिवशी एक आत आलं. मग त्यानं नातेवाईक आणले. रोज पहाटे पंगत बसू लागली. चौदाव्या पहाटे गजरानं अकरा डुकरं मोजली, फाटक लोटलं, अडसर घातला आणि राजवाड्यावर निरोप धाडला.

राजे घोड्यावरून आले, सोबत दिवाणजी. राजांनी भिंतीवरून डोकावून पाहिलं. अकराच्या अकरा धडधाकट, अंगावर एक ओरखडा नाही! "शाब्बास पोरी! शेत तुमचंच राहील. आता सोड त्यांना."

"मला कसं सोडता येईल, सरकार? कोंडवाड्यातलं जनावर मालकाच्याच हाती द्यायचं. तुमच्या आजोबांनीच तसं ठरवून दिलंय. मालकानं स्वतः यायचं, दावं बांधून जनावर घरी न्यायचं, आणि पीक निघेस्तोवर त्या शेताची राखण करायची. दावी आणून ठेवलीत मी. अकरा आहेत."

"आमचा माणूस येईल."

"गेल्या साली दिवाणजींची म्हैस कोंडली होती, तेव्हा त्यांचाही माणूस आला होता. सरकारांनीच त्याला परत धाडलं. मग दिवाणजी नऊ दिवस शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं हाकत होते. चांगली हाकली त्यांनी."

दिवाणजी घोड्याचा लगाम निरखू लागले.

राजांनी पुन्हा आत पाहिलं. मोठ्या सुळ्यांच्या डुकरानंही राजांकडे पाहिलं. राजे दोन पावलं मागे सरले. "पण ही आमचीच कशावरून? डुकरावर काय नाव लिहिलेलं असतं?"

"काही हरकत नाही," गजरा शांतपणे म्हणाली. तिनं एका हातात दावं धरलं, दुसऱ्या हातात बापाची गोफण. "डुकरं सरकारांची असतील, तर हे दावं घ्या आणि आत चला. सरकारांची नसतील, तर ती मोकाट जनावरं. मग मोकाट जनावराला हाकलायला आम्हांला सरकारांचा हुकूम कशाला हवा? सांगा सरकार, दावं तुम्ही घेता की गोफण मी ठेवू?"

राजांनी दाव्याकडे पाहिलं, गोफणीकडे पाहिलं. मग राजे असे खदाखदा हसले, की आतली डुकरं दचकून कोपऱ्यात गेली.

"ठेव, ठेव, गोफण ठेव!" डोळे पुसत राजे म्हणाले. "दिवाणजी, दवंडी पिटवा. रानाबाहेर पडलेलं डुक्कर आमचं नव्हे! ज्यानं त्यानं आपलं शेत राखावं. आणि या पोरीला ओढ्याकाठचा आमचा मळा इनाम द्या!"

हैबतीनं तिथंच लेकीला मिठी मारली. गजरानं त्याच हंगामात मळ्यात रताळी लावली, आणि पहिली टोपली राजवाड्यावर पाठवली.