गोजाई, बकुळा आणि विद्या टिपणारा पक्षी

एका राज्यात कालजिह्व नावाचा मांत्रिक होता. मेलेले सैनिक उठवून राज्य गिळावं, असा त्याचा बेत. सगळी सिद्धता झाली, पण मढी काही श्वास घेईनात. श्वासाला हाक मारण्याची विद्या होती फक्त सुइणींकडे. तो त्यांच्या दारी गेला. सुइणी म्हणाल्या, "ही हाक जन्मणाऱ्यासाठी आहे. मेलेल्यांसाठी नाही."

मांत्रिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला नाही, तर कुणालाच नाही! या राज्यात जी बाई दुसरीला शिकवील, ती शिकवलेलं विसरेल!" असं म्हणून त्याने झोळीतून एक राखाडी पक्षी सोडला.

तेव्हापासून कुणी बाई दुसरीला काही शिकवू लागली, की पक्षी खिडकीत येई. "कोण शिकवतंय?" असं माणसासारखं विचारी आणि तिच्या कपाळावरून ती विद्या दाण्यासारखी टिपून नेई. मग कोण शिकवणार? विणणारीची वीण तिच्याबरोबर सरणावर गेली. सुइणीही एकेक करून गेल्या. उरली एकटी गोजाई, आणि तिची बोटं म्हातारपणाने वाकलेली.

अशात राणी अडली. बाळ आडवं. राणीची धाकटी बहीण बकुळा धावत गोजाईच्या दारी आली.

"गोजाई, माझी ताई मरेल. चला!"

"येते. पण ही बोटं आता वळत नाहीत, पोरी. हात तुझे लागतील."

"मला काहीच येत नाही."

"मी शिकवीन."

"मग तुमच्याकडे काय उरेल?"

साऱ्या जन्माची कमाई ती एवढीच, गोजाईलाही भीती वाटली. मग ती म्हणाली, "चल."

भर दुपारी, राणीच्या उशाशी, गोजाईने पहिली विद्या दिली: पोटावर हात ठेवून बाळ ओळखण्याची. पक्ष्याने ती टिपली. दुसरी दिली आडवं किंवा पायाळू बाळ सोडवण्याची. तीही गेली. तिसरी, श्वासाला हाक मारण्याची, तिने बकुळेच्या कानात सांगितली. तीही टिपून पक्षी उडाला आणि गोजाई आपल्याच हातांकडे परक्यासारखी पाहत बसली.

बकुळेने बाळ वळवलं. मुलगी झाली, पण रडेना. बकुळा श्वासाला हाक मारणार, तोच दुसऱ्या बाळाचे पाय दिसले. जुळं!

"गोजाई, हिला घ्या!"

"मला काही येत नाही गं."

"मी सांगते. पालथी घ्या. पाठ चोळा. आता अशी हाक मारा." दुसऱ्या बाळासाठी हात जे करत होते आणि पुढे जे करणार होते, तेही बकुळा तोंडाने सांगत गेली. पक्षी आला आणि टिपत गेला. बकुळेचे हात मध्येच थांबले. पुढे काय करायचं, तेच तिला आठवेना. राणी किंचाळली.

तेवढ्यात पहिली मुलगी टाहो फोडून रडली. तिला छातीशी धरून गोजाई ओरडली, "पाय ओढू नकोस, बकुळा! कळ येऊ दे. आता खांदा सोडव!"

पक्षी ओरडला, "कोण शिकवतंय?"

"ह्या," बकुळा म्हणाली.

"ही," गोजाई म्हणाली.

पक्ष्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शापाला ठाऊक होती एक शिकवणारी आणि एक शिकणारी. इथे दोघी दोन्ही होत्या. चोच फिरवता फिरवता त्याला भोवळ आली. त्याचं पोट फुटलं आणि आजवर गिळलेली सारी विद्या सोन्याच्या दाण्यांसारखी राज्यभर उधळली गेली. चुलीपुढच्या, मागावरच्या, शेतातल्या बायका जागच्या जागी थबकल्या. त्यांना सगळं आठवलं. दूर डोंगरात कालजिह्वाची मढी माती झाली, आणि तोही.

दुसरं बाळही रडलं. राणीने डोळे उघडले.

राजा आनंदाने म्हणाला, "गोजाई, गाव मागा."

"गाव नको, महाराज. शिकवायला वाड्याचं अंगण मोकळं करून द्या."

अंगणात बायकाच बायका जमल्या होत्या. लेकी, सुना, शेजारणी. साऱ्यांना शिकायचं होतं. बकुळा दारातच अडखळली.

"मी काय सांगू त्यांना? मला तर आजच कळलंय."

गोजाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "जेवढं आजच कळलंय, तेवढं सांग. अडलीस, तर मी मागे आहे."

जशी त्या राज्याची विद्या मोकळी झाली, तशी जिथे जिथे ती अडली असेल तिथे तिथे होवो.